केटल म्हणजे आपली कढईच

पुण्याहून आलेल्या भाच्याने मिरची-लिंबू चवीच्या 'केटल' चिप्सचं पाकीट आणलं. यवतमाळच्या उकाड्यात, संध्याकाळी अंगणात पाणी मारून आम्ही सगळे बसलो आणि ते फोडलं. आतून चिप्स निघाल्या थोड्या, समजुतीच जास्त.

"अर्धी पुडी तं हवाच हाय!" आत्याने पहिला शेरा मारला. ती साधी हवा नसते, नायट्रोजन असतो. हवेतल्या ऑक्सिजनने तळणाचं तेल खवट होतं, म्हणून तो बाहेर ठेवायचा. शिवाय फुगलेली पिशवी प्रवासात उशीचं काम करते, नाहीतर हाती चुराच आला असता. फसवणूक झाली की नाही, हे पिशवीच्या फुगण्यावरून कळत नाही. पाकिटावर निव्वळ वजन छापावंच लागतं. किमतीला त्या वजनाने भागलं की भाव निघतो, आणि तो भाव बघून आत्याने जे तोंड केलं ते मात्र रास्त होतं.

भाच्याची समजूत जरा शिकलेली. "मामा, ह्या केटलमध्ये करतात ना, म्हणून तेल कमी." किटलीचा आणि वाफेचा इथे काही संबंध नाही. ही केटल म्हणजे मोठी कढई. बड्या कारखान्यात बटाट्याच्या चकत्या गरम तेलाच्या लांबलचक हौदातून न थांबता पुढे सरकत जातात. तेलाचं तापमान नेमून दिलेलं, त्यामुळे हरेक चकती सारखी. केटल पद्धतीत एकेक घाणा काढतात. गार चकत्या पडल्या की तेल एकदम निवतं, मग हळूहळू पुन्हा तापतं. तोवर झारा फिरवत राहायचं. तळायला वेळ जास्त लागतो आणि चकती जाड, वळलेली, कडक होते. म्हणजे आपला वेफर्सवाला दुकानात जे करतो तेच. सलग तळणारं यंत्र अमेरिकेत १९२९ मध्ये आलं. त्याआधीची जगातली प्रत्येक चिप्स कढईतलीच होती. १९८० च्या आसपास तिकडच्या काही कंपन्यांनी ही जुनी रीत नव्या नावाने विकायला घेतली, एवढंच.

आणि तेल? १०० ग्रॅम चिप्समध्ये साधारण ३० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक स्निग्धांश असतो, केटल असो वा साधी. कच्च्या बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी. तळताना ते वाफ होऊन निघून जातं आणि बरंचसं तेल चकती बाहेर काढल्यावर, ती निवताना आत शिरतं. म्हणून घाणा गरम असतानाच नीट निथळला तर फरक पडतो. कढईच्या नावाने पडत नाही.

एवढ्यात धाकट्या भावाने काडी ओढली. "पाह्य दादा, कसं जयते! प्लास्टिकच हाय हे." हा प्रयोग मोबाइलवरून घरोघरी पोचला आहे. पाणी उडून गेलेला पिष्टमय काप आणि त्यात मुरलेलं तेल, मग तो जळणार नाही तर काय! कापसाच्या जिल्ह्यात तेलात भिजलेली वात का जळते हे समजावायची पाळी यावी, याची मलाच लाज वाटली. खात्री हवी असेल तर घरचा तळलेला पापड पेटवून पाहावा.

कापसावरून तेलाचं निघालं. पाकिटामागे पामोलीन लिहिलं होतं. सरकीचं असतं तर आत्याने पाकीट लांब सारलं असतं, कारण "सरकी ढोरांची". ढोरांना घालतात ती ढेप, तेल काढून उरलेली. कच्च्या सरकी तेलात गॉसिपॉल नावाचं पिवळं, अपायकारक द्रव्य असतं, पण शुद्धीकरणात ते निघून जातं. अमेरिकेत तर कित्येक चिप्सवाल्यांनी वर्षानुवर्षं मुद्दाम सरकीचंच तेल वापरलं, कारण त्याने खमंगपणा येतो आणि चव बराच काळ टिकते. आपल्या जिनिंगमधून निघणाऱ्या सरकीकडे आपणच नाक मुरडावं, हे मला पटत नाही.

मग वहिनींनी यादीतला ६३१ हा आकडा दाखवला. 'ही डुकराची चरबी' असा निरोप त्यांनाही आलेला. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट, चव उठावदार करणारा क्षार. तो चरबी नव्हेच. तो मांस-मासळीपासून काढता येतो हे खरं, पण किण्वनाने वनस्पतिजन्य पिठापासूनही बनतो. आपल्याकडे मांस-मासळीपासून काढलेला घटक असलेल्या पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापता येत नाही. तेव्हा आकड्याला घाबरण्याआधी ठिपका बघावा. उपवासाला मात्र ठिपका पुरत नाही. चवीच्या भुकटीत कांदा-लसूण बहुतेक असतोच.

अखेर चव घेतली. पहिल्या घासाला जीभ नव्हे, कान कामाला लागतात. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की चावताना होणारा आवाज यंत्राने वाढवून ऐकवला तर तीच चिप्स लोकांना अधिक ताजी वाटते. केटल चिप्सची निम्मी कीर्ती ह्या 'कडाम्'वर उभी आहे. मग आंबट आलं, सगळ्या जिभेवर एकदम. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, हा शाळेतला नकाशा चुकीचा आहे. सर्व चवी जिभेवर सगळीकडे कळतात. तिखट सगळ्यात शेवटी आलं. आयुर्वेदाने ते षड्रसांत मोजलं असलं, तरी शरीरशास्त्राच्या लेखी ती चव नाही, दाह आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णतेची जाणीव देणाऱ्या ग्राहींना चेतवतं. ह्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून भाच्याने तांब्याभर पाणी पिऊनही हाशहुश थांबेना. वाटीभर दह्याने थांबलं.

तळाशी काळपट चकत्या उरल्या होत्या. "खरपूस हाय, ते मले दे," म्हणत आत्याने हात पुढे केला. मी दिल्या नाहीत. शीतगृहात फार गार ठेवलेल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते आणि तळताना ती करपते. जिथे काळपटपणा जास्त, तिथे ॲक्रिलामाइडही जास्त. तळलेल्या पदार्थांतलं हे अपायकारक द्रव्य स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये उजेडात आणलं. चकत्या काळपट होऊ नयेत म्हणून तळणासाठी कमी साखरेचे 'कुफरी चिप्सोना'सारखे वाण मुद्दाम काढले आहेत.

आमच्या पाकिटाचा निकाल असा: कुरकुरीतपणाला पैकीच्या पैकी, तिखटाला बरे गुण, मीठ नको इतकं. लिंबाला शून्य, कारण यादीत लिंबू नव्हतंच; होतं ते सायट्रिक आम्ल.