व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनिया झालाय, हे डॉक्टर ओळखतात कसं?

घरातलं माणूस व्हेंटिलेटरवर असतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "छातीत इन्फेक्शनची शंका आहे." मग आयसीयूबाहेर बसलेल्यांचे सवाल सुरू होतात. एवढ्या मशिनी लावल्यात, तरी शंकाच? एखादे मामू म्हणतात, भारीतलं अँटिबायोटिक सुरू करा, पैशाचं आम्ही बघतो.

पण हा आजार एका टेस्टमध्ये पकडता येतच नाही.

श्वासनळीत नळी घातल्यावर ४८ तास उलटून गेल्यानंतर जो न्यूमोनिया होतो, त्याला हॉस्पिटलच्या भाषेत 'व्हॅप' म्हणतात. नळीमुळे पेशंटला नीट खोकता येत नाही. तोंडातली लाळ जंतूंसकट नळीच्या कडेने झिरपत फुफ्फुसात उतरते.

ताप, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढणं किंवा खूप घटणं, सक्शनमध्ये पिवळा-हिरवा घट्ट कफ येणं, ऑक्सिजन जास्त लागणं आणि एक्स-रेवर नवा डाग, या खुणा डॉक्टर एकत्र पाहतात. अडचण अशी की यातली प्रत्येक खूण दुसऱ्या कारणानेही दिसते. फुफ्फुसात पाणी साचलं किंवा कफाने एखादा भाग बंद पडला तरी एक्स-रे पांढरा दिसतो. त्यात हा फोटो बेडवर झोपवूनच काढलेला असतो, उभ्याने काढल्यासारखा साफ येत नाही.

मग नळीतून कफाचा नमुना घेऊन कल्चरला पाठवतात. कधी दुर्बीण घालून फुफ्फुस थोड्या सलाईनने धुऊन ते पाणी तपासतात. कॅनडा आणि अमेरिकेतल्या २८ आयसीयूंमध्ये ७४० पेशंटवर या दोन पद्धतींची तुलना झाली, २००६ साली ती छापून आली. २८ दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच होतं, १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दुर्बीण घातली नाही म्हणून इलाजात कसूर झाली, असं समजायचं कारण नाही.

स्लाइडवरची पहिली तपासणी काही तासांत होते, पण कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. त्यात क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर अशी नावं वाचून घरचे घाबरतात. काही दिवस नळी राहिली की तिच्यात जंतू वस्ती करतातच. जंतू सापडणं वेगळं आणि त्याने आजार होणं वेगळं. म्हणून नुसता रिपोर्ट पाहून औषध देत नाहीत, पेशंट कसा आहे तेही बघतात. (रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून परदेशातल्या नातेवाईकाचं मत घेताना हीच गोष्ट हातून सुटते.)

बीपी खाली येत असेल, तब्येत झपाट्याने ढासळत असेल, तर रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात. त्याआधी नमुना घेतलेला बरा, कारण औषध गेल्यावर जंतू असूनही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर हे विचारा: नमुना औषधाआधी घेतला का? रिपोर्ट कधी येणार?

रिपोर्ट आल्यावर भारी इंजेक्शन बंद करून साधं दिलं, किंवा सात दिवसांनी कोर्स थांबवला, तर ती हयगय नव्हे. बहुतेक पेशंटना सात दिवस पुरतात. गरजेपेक्षा जास्त दिवस चालवलं तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि पुढच्या वेळी त्याच पेशंटसाठी हाताशी औषध उरत नाही.