उंदीर पाळावा काय?

गुरुग्राममधील बहुमजली इमारतीत राहणाऱ्या कुटुंबास पिंजऱ्यातील लहानसा प्राणी सोयीचा वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि उंदराचे नाव काढताच मराठी वाचकास मुंबईची १८९६ सालची प्लेगची साथ आठवते. रानटी उंदीर घरात आणू नयेच. त्याच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पाळीव उंदीर त्याच तपकिरी उंदराचा वंशज खरा, परंतु पिढ्यान् पिढ्या माणसाच्या सहवासात वाढलेला. तो निःशंकपणे हातावर येतो, आणि एकटा ठेवल्यास झुरतो.

सोनेरी हॅम्स्टरचे नेमके उलट. १९३० साली सीरियातील अलेप्पोजवळ सापडलेल्या एका मादीच्या पिल्लांपासून आजच्या बहुतेक पाळीव हॅम्स्टरांचा वंश वाढला. हा प्राणी एकांतप्रिय. एका पिंजऱ्यात दोन प्रौढ ठेवल्यास ते एकमेकांस रक्तबंबाळ करतात. गोजिरवाण्या रूपावर भाळून जोडी विकत घेणाऱ्यास हे ठाऊक नसते!

गुरुग्रामच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. या प्राण्यांना आपल्यासारखा घाम येत नाही. भर दुपारी बंद घरात वीज गेली, तर ते उष्माघाताने दगावू शकतात. उंदीर एरवीही दोन-तीन वर्षेच जगतो, हे मुलांना आधीच सांगावे. पाळायचेच असतील तर दोन माद्या घ्याव्यात. नर-मादी एकत्र ठेवल्यास अवघ्या तीन आठवड्यांत पिंजरा पिल्लांनी भरतो.