रिपीटरचा गोंगाट

२०२२ सालच्या जुलै महिन्यांत वर्धा नदीस मोठा पूर आला आणि बल्लारपूरहून राजुऱ्यास जाणारी वाहतूक बंद पडली. अशा वेळीं वीज जाऊन मोबाईलचे मनोरे मुके झाले, तर हौशी रेडिओचालकाच्या हातांतील ५ वॉटांचें यंत्र उपयोगी पडतें. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यांत त्याचा आवाज स्वतःच्या बळावर फार दूर पोंचत नाहीं. उंच जागीं बसविलेल्या रिपीटरनें तो ऐकावा आणि त्याच क्षणीं मोठा करून पुढें पाठवावा, अशी योजना असते.

अडचण येथेंच आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ऐकण्याच्या व बोलण्याच्या लहरींत बहुधा ६०० किलोहर्ट्झचेंच अंतर असतें, आणि बहुधा दोन्ही कामें एकाच एरियलवर चालतात. ग्राहकास ०.२ मायक्रोव्होल्टचा क्षीण संदेश ऐकावयाचा असतो आणि शेजारीं प्रक्षेपक २० वॉटांनीं गर्जत असतो. ५० ओहमांच्या हिशेबानें या दोन शक्तींचें प्रमाण सुमारें अडीच कोटि अब्ज पट भरतें! ही गर्जना ग्राहकाच्या कानीं पडूं न देण्याचें काम डुप्लेक्सर नांवाचीं धातूचीं पोकळ नळकांडीं करतात.

संदेश अस्पष्ट येऊं लागले कीं पुष्कळ मंडळी आधीं मोठा ॲम्प्लिफायर आणतात. ही घाई बरी नव्हे. शक्ति दुप्पट केली तरी लाभ ३ डेसिबेलांचाच, आणि ग्राहकास होणारा त्रास मात्र वाढतो. मोठें तोंड व लहान कान असलेल्या अशा रिपीटरला हौशी मंडळींत ‘मगर’ म्हणतात. नांव यथार्थ आहे.

परीक्षेची रीत अशी. एरियलच्या केबलींत कपलर घालून ग्राहकास जेमतेम ऐकूं येईल असा चांचणीचा संदेश द्यावा आणि प्रक्षेपक क्षणभर बंद करावा. आवाज तत्काळ स्वच्छ झाला, तर दोष घरचाच. खरखर तशीच राहिली, तर शोध बाहेर, विजेच्या तारांवरील तडकलेल्या इन्सुलेटरपाशीं किंवा एखाद्या कारखान्याच्या मोटारीपाशीं घ्यावा. बाहेरचा गोंगाट मोठा असतां ग्राहकापुढें प्रीॲम्प्लिफायर जोडण्यांत अर्थ नाहीं. तो संदेशाबरोबर गोंगाटही वाढवितो.

दोष घरचा ठरल्यास एरियल सोडवून त्याच्या जागीं डमी लोड लावावा. तरीही त्रास टिकला, तर डुप्लेक्सर, यंत्रांचीं धातूचीं आवरणें आणि ॲम्प्लिफायर तपासावयाचीं. ॲम्प्लिफायर वगळतांच आवाज सुधारला, एवढ्यावरून त्यास दोषी ठरवूं नये. नुसती शक्ति घटल्यानेंही तसें होतें. त्यांत आपोआप आंदोलनें उठतात काय, तें स्पेक्ट्रम ॲनलायझरवर पाहावें. सेकंदास १०० आवर्तनांची संथ गुणगुण मात्र वेगळी. ती बहुधा वीजपुरवठ्यांतील कपॅसिटर सुकल्याची खूण असते, आणि बल्लारपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जाऊं शकत असल्यानें ते लवकर सुकतात.

डमी लोड लावतांच गोंगाट थांबला, तर दोष मनोऱ्यावर आहे. गंजलेला सांधा हा जुन्या रेडिओंतील गॅलेनाच्या स्फटिकासारखा वागतो. प्रबळ लहरींची तो आपसांत मिसळण करून नवी खरखर उत्पन्न करतो, आणि वाऱ्यानें मनोरा हलला कीं ती तडतडते. सांधे घांसून घट्ट करावे. केबलीच्या टोंकाशीं पाणी शिरलें असल्यास वरचें आवरण थोडें सोलून पाहावें. आंतील तांब्याची जाळी हिरवी वा काळी पडलेली आढळली, तर नवा कनेक्टर लावून भागत नाहीं, स्वच्छ तांबें लागेपर्यंत केबल कापावी लागते, नाहीं तर सबंध बदलावी लागते.