पहाटेचा प्राणवायू आणि गळाला लागणारा मासा

शहरातल्या तलावाकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारा-जाणारा एक प्रश्न हमखास विचारतो, "काय, मासे आहेत का?" उत्तर बहुधा 'आहेत' असेच येते आणि विचारणारा समाधानाने पुढे जातो. पाण्यात मासे आहेत, म्हणजे तलाव ठीक आहे, अशी आपली साधी समजूत. पण नाडी लागते म्हणून रुग्ण ठणठणीत आहे, असे कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. तलावाचेही तसेच आहे. मासे कोणते आहेत, केवढे आहेत आणि पहाटेच्या वेळी ते कसे वागतात, यावरून तलावाची प्रकृती कळते. पुढच्या काही वर्षांत गळाला काय लागणार आणि ते घरी नेऊन खावे की नाही, हेही त्यावरच ठरते.

मुंबईचा पवई तलाव हे याचे जवळचे उदाहरण. शहराला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८९० च्या सुमारास तो बांधला गेला. पुढे पाणी पिण्याजोगे उरले नाही. आज ते औद्योगिक वापरासाठी जाते. महापालिकेच्या आकडेवारीनुसार तलाव काठोकाठ भरला की त्यात सुमारे ५४५ कोटी लिटर पाणी मावते आणि ते २.२३ चौरस किलोमीटरवर पसरते. या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर सरासरी खोली जेमतेम अडीच मीटर येते. म्हणजे काठावरून अथांग दिसणारे हे पाणी प्रत्यक्षात पसरट परातीत ठेवल्यासारखे आहे. साचलेला गाळ धरला तर त्याहूनही उथळ. पाणलोट क्षेत्रही फक्त ६.६१ चौरस किलोमीटर. एवढ्याशा परिसरात इमारती, वस्त्या, रस्ते दाटलेले. तिथे जे सांडेल, ते शेवटी तलावातच येणार.

याच काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही गळाने मासे धरणाऱ्या हौशी मंडळींची संस्था अनेक दशकांपासून आहे. कोकणात ज्याला 'गरवणे' म्हणतात, तोच हा छंद. कटला, रोहू, मृगळ यांसारखा भरभक्कम मासा गळाला लागावा, ही त्यांची आस. ती पुरी होणार की नाही, हे आमिषापेक्षा पाण्यावर जास्त अवलंबून असते.

पाण्यातला श्वास

एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, तापमान ३० अंश सेल्सिअस असताना, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास विरघळू शकतो. माणूस ज्या श्रीमंतीत श्वास घेतो, तिच्या तुलनेत मासा कायमच काटकसरीत जगतो. त्यातही पाणी तापले की प्राणवायू धरून ठेवण्याची त्याची क्षमता घटते आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार मत्स्यजीवनासाठी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा.

दुपारी हिरव्यागार तलावात हा आकडा उत्तम दिसतो. सूक्ष्म शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करत असते. सूर्य मावळला की कारखाना बंद होतो, पण श्वसन चालूच राहते. मासे, शेवाळ, तळाच्या गाळातले जिवाणू हे सगळे रात्रभर त्याच साठ्यातून घेत असतात. पहाटे सूर्य उगवण्याच्या जरा आधी साठा सर्वांत कमी असतो. म्हणून दुपारी बाटली भरून तपासलेले पाणी पास होते आणि मासे पहाटे मरतात. ढगाळ हवामानाचे सलग दोन-तीन दिवस किंवा वळवाच्या पावसाने तळाचे सडके पाणी वर येणे, एवढे निमित्तही पुरते. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. बघ्यांना ते खेळणे वाटते. प्रत्यक्षात ती धाप असते.

अशी वेळ कशाने येते, हे वाळकेश्वरच्या बाणगंगा कुंडात पाहायला मिळाले आहे. पितृपक्षात पाण्यात सोडलेले अन्न आणि निर्माल्य कुजू लागले, जिवाणूंनी प्राणवायू संपवला आणि मेलेल्या माशांचा खच पडला, असे तिथे एकाहून अधिक वर्षी घडले. सांडपाणी हेच काम वर्षभर, संथपणे करते.

सांडपाण्यासोबत येणारा फॉस्फरस शेवाळाला खतासारखा लागू पडतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १९७३ मध्ये शास्त्रज्ञ डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका बाजूला कार्बन व नायट्रोजन सोडले, दुसऱ्या बाजूला त्या दोन्हींसोबत फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू काही आठवड्यांत शेवाळाने हिरवी झाली, दुसरी स्वच्छ राहिली. आकाशातून काढलेल्या त्या छायाचित्राने जगभरातल्या तलावांच्या धोरणाला दिशा दिली.

दुसरे संकट अमोनियाचे. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया चढला की तो गुंगीत जातो. मासा आपला अमोनिया कल्ल्यांतून पाण्यात टाकतो. पाण्यातच तो भरपूर असेल तर बाहेर टाकणार कुठे? त्यातही पाण्याचा सामू सातच्या आसपास असेल, तर अमोनियाचा एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. शेवाळामुळे दुपारी सामू नऊवर गेला, तर ३० अंशाच्या पाण्यात जवळजवळ निम्मा अमोनिया विषारी होतो. म्हणजे दुपारी अमोनिया, पहाटे गुदमर, असा हा दुहेरी फास आहे.

कोण टिकतो, कोण जातो

या परीक्षेत सगळे मासे सारखे नापास होत नाहीत. कटला वरच्या थरात तरंगते सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात वावरतो, मृगळ तळाशी चरतो. तिन्ही मासे साठलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला नदीचा पूर लागतो. म्हणूनच तलावांत त्यांचे बीज सोडावे लागते. हे बीज आज सहज मिळते, त्याचे श्रेय डॉ. हिरालाल चौधरी यांच्या कामाला जाते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची अंडी मिळवण्यात यश मिळवले. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. वंध्यत्वावरच्या उपचारांत स्त्रीबीज पक्व करण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने देतात, त्यामागचे तत्त्वही हेच.

चिलापीची गोष्ट निराळी. मूळचा आफ्रिकेतला हा टिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला. त्याला पूर लागत नाही, सोडलेले बीज लागत नाही. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते आणि अगदी कमी प्राणवायूतही तो तग धरतो. गर्दी वाढली की तो वाढ आवरती घेतो आणि लहान वयातच प्रजननाला लागतो. परिणामी तलाव तळहाताएवढ्या माशांनी भरतो. संख्या भरपूर, वजन नाही. आफ्रिकन मांगूर तर हवेतूनही श्वास घेतो आणि इतर मासे फस्त करतो. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे.

म्हणून 'मासे आहेत का' याला 'आहेत, भरपूर' असे उत्तर मिळाले, तरी ते चिलापीचे असू शकते. चोखंदळ मासे निघून जातात, सोशिक मासे उरतात. तलाव आजारी असल्याचे हे लक्षण मेलेल्या माशांच्या खचापेक्षा कितीतरी आधी दिसू लागते.

मोजायचे कसे?

पाण्यातले मासे डोकी मोजून मोजता येत नाहीत. त्यासाठी डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी सोपी युक्ती वापरतात. समजा, १०० मासे पकडून खूण करून सोडले. काही दिवसांनी ८० मासे पकडले आणि त्यांत ८ खुणेचे निघाले. म्हणजे दहात एक खुणेचा. तेव्हा तलावात त्या आकाराचे अंदाजे १००० मासे असणार. दरम्यान फार मासे मरू नयेत आणि खुणेचे मासे इतरांत नीट मिसळावेत, एवढी अट.

याहून सोपे साधन म्हणजे वही. किती जणांनी किती तास गळ टाकला, कोणते मासे लागले, प्रत्येकाची लांबी-वजन किती, एवढे लिहिले तरी पुरे. तिघांनी चार-चार तास बसून सहा मासे धरले, तर दोन तासांमागे एक मासा हा दर झाला. हा दर आणि सरासरी वजन वर्षानुवर्षे लिहीत गेले, की तलावाचा आलेख तयार होतो. दर चढला आणि वजन उतरले, तर चिलापी वाढली असा संशय घ्यावा. फक्त मोठे कटलेच लागत आहेत आणि मधले कुणीच नाही, तर अलीकडे सोडलेली बोटुकली जगलेली नाहीत, असा त्याचा अर्थ असू शकतो. साखर मोजून वहीत लिहिणाऱ्या मधुमेहीला जशी औषधाची दिशा कळते, तशीच ही वही तलावाच्या उपयोगाची आहे.

गळ, हात आणि ताट

पुष्कळ हौशी मंडळी मासा धरून परत सोडतात. हेतू चांगला, पण झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते आणि सोडलेला मासा काही तासांनी मरू शकतो. पाणी गरम आणि प्राणवायू कमी असेल तर धोका वाढतो. म्हणून काटा नसलेला गळ वापरावा, हात ओले करूनच मासा धरावा म्हणजे अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर टिकतो, आणि फोटोसाठी त्याला फार वेळ पाण्याबाहेर ठेवू नये. मासे वर येऊन धापा टाकत असतील, त्या दिवशी गळ गुंडाळून ठेवलेला बरा.

माणसाच्या हातापायांचीही काळजी हवी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून, पायावरच्या साध्या चिरेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. पावसाळ्यात बूट न घालता चिखलात उतरू नये. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही जाणवले, तर 'तलावावर गेलो होतो' हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर प्रतिजैविक मिळाले तर हा आजार बरा होतो. कावीळ आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचला की जिवावर बेततो. माशाचा काटा बोटात घुसून झालेली जखम आठवडे उलटूनही भरत नसेल, तर तीही दाखवावी. पाण्यातले काही जंतू चिवट असतात.

आता खाण्याचे. मासा हे उत्तम अन्न आहे, यात वाद नाही. पण सांडपाणी मिळणाऱ्या शहरी तलावातला मासा नेहमीचे अन्न करू नये. शिजवल्याने जंतू मरतात. शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे धातू तसेच राहतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळांचे यकृताला घातक विषही उकळल्याने जात नाही. हे विष आणि शिसे-कॅडमियम माशाच्या यकृत, मूत्रपिंड अशा अवयवांत मांसापेक्षा अधिक साचतात. पारा मात्र मांसातच साचतो आणि शिकारी माशांत जास्त. त्यामुळे आतडी-यकृत पूर्ण काढून टाकावे आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुलांना असा मासा देऊच नये.

एक इशारा मात्र कोणत्याही तलावातल्या, अगदी स्वच्छ पाण्यातल्या माशालाही लागू आहे. रोहू-कटला यांचे पित्ताशय दमा, मधुमेह किंवा सांधेदुखीवर औषध म्हणून कच्चे गिळण्याची प्रथा देशाच्या काही भागांत आहे. या पित्तातल्या विषाने काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत लघवी बंद पडून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. असे रुग्ण डायलिसिसपर्यंत गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शिजवूनही हे विष जात नाही. मासा साफ करताना हिरवी पिशवी न फोडता काढावी आणि फेकून द्यावी.

आधी पाणी, मग बीज

तलावातले मासे कमी झाले की पहिली मागणी येते ती बोटुकली सोडण्याची. ज्याचा श्वास अडला आहे, त्याला पंचपक्वान्नांचे ताट वाढण्यासारखेच हे. आधी श्वास मोकळा करायचा. म्हणजे पहिले काम, सांडपाणी तलावाबाहेर वळवणे किंवा पुरेशी प्रक्रिया केल्यावरच आत सोडणे. दुसरे, जलपर्णी काढून काठावर न कुजवता दूर नेणे. काठावर कुजली तर तिच्यातला फॉस्फरस पहिल्या पावसात परत आत येतो. तिसरे, प्राणवायूची नोंद दुपारऐवजी पहाटे घेणे. सांडपाणी थांबल्यावरही तळाच्या गाळातून फॉस्फरस अनेक वर्षे झिरपत राहतो, म्हणून दोन वर्षांत चमत्कार होईल अशी अपेक्षा धरू नये. पहाटेचा आकडा सातत्याने ४ च्या वर राहू लागला, की सोडलेले बीज जगेल आणि तीन-चार वर्षांत गळाला वजनदार कटला लागण्याची आशा धरता येईल.

तोवर चिलापी कितीही लागली, तरी तिला तलाव सुधारल्याची पावती समजू नये. काठावरच्या माणसाला 'मासे आहेत का' असे विचारण्याऐवजी 'कोणता लागला, केवढा लागला' असे विचारावे. त्या उत्तरात त्याच्या छंदाइतकेच तलावाभोवती राहणाऱ्यांच्या आरोग्याचेही भवितव्य असते, कारण मासा ज्या पाण्यात धापा टाकतो, ते पाणी आधी आपल्याच घरांतून वाहत आलेले असते.