हत्तींच्या रानात मुक्काम

आफ्रिका खंडात झांबिया नावाचा देश आहे. तिथे लुआंग्वा नदीच्या काठी मोठे रान आहे. हत्ती, सिंह, बिबटे, पाणघोडे तिथे मोकळे फिरतात. त्यांना बघायला लांबलांबचे लोक येतात. राहतात कुठे? त्याच रानात, तंबूत! या सहलीला सफारी म्हणतात. शब्द स्वाहिली भाषेतला, पण मूळ अरबी. आपण 'सफर' म्हणतो, त्याचाच तो भाऊ.

चला, एक रात्र आपणही तिथे राहू या.

मुक्काम लहानसा आहे. जाड कापडाचे पाच-सहा तंबू. आत खाट, मच्छरदाणी आणि कंदील. मागे गवताचा आडोसा, तीच न्हाणी. झाडाला बादली टांगलेली असते. तिच्यात चुलीवर तापवलेले पाणी ओततात. बादलीच्या बुडाला तोटी असते. ती सोडायची आणि उघड्या आभाळाखाली अंघोळ करायची.

कुंपण मात्र कुठेच नाही. मग सिंह आत शिरत नाही का? तंबू बंद असला, तर सिंह सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण दार उघडे टाकून झोपायचे नाही. आणि तंबूत फळ ठेवायचे नाही. हत्तीचे नाक फार तिखट, बरं का! आत एक संत्रे असले तरी त्याला वास लागतो. मग सोंडेपुढे कापड किती टिकणार?

अंधार पडला की एकट्याने बाहेर पडायचे नाही. बत्ती घेऊन रखवालदार सोबत येतो. भीती सिंहाची, तशीच पाणघोड्याची. तो गवत खाणारा, पण फार तापट. दिवसभर पाण्यात बसतो आणि रात्री चरायला निघतो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला, की तो अंगावर धावतो. रात्री तंबूशेजारी कचकच आवाज आला, तर समजावे, पाणघोडा चरतो आहे. आपण गुपचूप पडून राहावे.

सकाळी पायी फिरायला जायचे. बंदूकवाला रक्षक पुढे, बाकीचे एका रांगेत मागे. कपडे मातकट रंगाचे. निळ्या-काळ्या रंगावर तिथली त्सेत्से माशी येते, आणि ती कडाडून चावते. सिंह दिसला तर पळायचे नाही. पळत्याच्या मागे लागणे हा त्याचा स्वभावच आहे.

नोव्हेंबरात पाऊस लागतो. वाटांचा चिखल होतो. मग असे लहान मुक्काम गुंडाळून ठेवतात आणि पाऊस सरल्यावर पुन्हा उभारतात.

तुम्ही म्हणाल, ही पैसेवाल्यांची हौस! आहेच. पण या रानाला लागून गावे आहेत. तिथले लोक मका पिकवतात. मक्याच्या पिठाचा नशिमा हेच त्यांचे रोजचे जेवण. हत्तींचा कळप एका रात्रीत शेत साफ करतो. ज्याचे वर्षाचे धान्य गेले, त्याला हत्तीचे कौतुक कसे वाटावे?

त्या वेळी तिथे इंग्रजांचे राज्य होते. नॉर्मन कार नावाचा एक वनाधिकारी होता. पिकावर येणाऱ्या हत्तींना आवरण्याचे काम त्याने केले होते. न्सेफू हे तिथल्या लोकांचे राजे. या दोघांनी मिळून १९५० साली पाहुण्यांसाठी मुक्काम काढला. त्याचे पैसे न्सेफूंच्या लोकांना मिळू लागले. हत्ती जिवंत राहिला तर गावाला चार पैसे मिळतात, हे तेव्हा दिसले. आम्हाला विचाराल, तर सगळ्या सफारीत हीच गोष्ट मोठी. आजही गावची माणसे अशा मुक्कामांवर स्वयंपाकी, रखवालदार, वाटाडे म्हणून काम करतात.

पण मुक्कामावर एकाला नोकरी लागली, म्हणून शेजाऱ्याचा मका वाचत नाही. त्यावर तिथल्या शेतकऱ्यांना एक उपाय मिळाला आहे. मिरची! शेताभोवती दोरी बांधतात. तिला चिंध्या लटकवतात. मिरचीची पूड जुन्या तेलात कालवून त्यांना फासतात. ज्या नाकाला संत्र्याचा वास लागतो, त्याच नाकाला तिखट झोंबते, आणि हत्ती मागे फिरतो. जोराचा पाऊस झाला की तिखट धुऊन जाते. मग दोरी पुन्हा माखावी लागते. मका पिकत आला, की माणसे रात्रभर जागून राखण करतात, डबे बडवतात.