लाओ भाषेतला 'ग' कुठे गेला?

लाओस या देशाचं त्यांच्या भाषेतलं अधिकृत नाव आहे 'साथालानालात पासाथिपाताय पासासोन लाओ'. कानाला परकं वाटतं, पण जरा खरवडलं की साधारण, राष्ट्र, प्रजा, आधिपत्य आणि प्रजाजन असे एकेक ओळखीचे चेहरे दिसू लागतात. 1975 साली राजेशाही संपवून सत्तेवर आलेल्या कम्युनिस्टांनी राज्याचं बारसं केलं ते असं निव्वळ पाली-संस्कृतात!

एवढ्यावरून लाओला आपल्या गोतात ओढण्याचं कारण नाही. ती थाय, शान यांच्यासारखी ताय कुळातली भाषा. नुंग, सोंग, साम, सी, हा हे तिचे आकडे बहुतेक जुन्या चिनीशी नातं सांगणारे. नामाला लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापदाची रूपं चालवायची कटकट नाही. 'दोन कुत्रे' म्हणायचं तर 'मा सोंग तो', म्हणजे कुत्रा, दोन आणि शेवटी प्राणी मोजायचा खास शब्द. जेवणे म्हणजे 'किन खाओ', शब्दशः भात खाणे. शेतातलं आणि चुलीपुढचं बोलणं देशीच राहिलं. पाली-संस्कृत आलं ते विहारातून आणि दरबारातून.

आलेल्या शब्दांचे उच्चार मात्र पार बदलले. गुरूचा झाला 'खू', जातीचा 'सात' (अर्थ राष्ट्र), भाषेचा 'फासा'. 'र'च्या जागी 'ल' आला, म्हणून तिथल्या रामकथेचं नाव 'फ्रा लाक फ्रा लाम'. त्यात लक्ष्मणाचं नाव आधी, रामाचं मागून. या बदलांत गंमत आहे ती 'ग'ची. ताय भाषांत एके काळी ग, ज, द, ब असे घोष उच्चार होते. काही शतकांपूर्वी त्यांचा घोष गेला आणि लाओत 'ग'चा 'ख' झाला. पण भाषेत 'ख' आधीपासून होताच. मग शब्दांची सरमिसळ व्हायला हवी होती. ती टळली, कारण घोष व्यंजनामुळे पुढच्या स्वराची पट्टी बदललेली असायची आणि ती पट्टी मागे उरली. व्यंजनातला फरक सुरात गेला.

लिपीने हा इतिहास जपून ठेवला आहे. दक्षिण भारतातली पल्लव लिपी, तिच्यापासून ख्मेर लिपी आणि त्याच वंशात पुढे लाओ. या लिपीत 'ख'ची दोन अक्षरं आहेत. लहान मुलं पाठ करतात 'खो खाय', अंड्याचा ख, आणि 'खो ख्वाय', म्हशीचा ख. म्हशीचा ख हा मूळचा ग. 'खू' आजही याच अक्षराने लिहितात. उच्चारात दोन्ही ख सारखेच, पण कोणता ख आहे त्यावरून वाचणाऱ्याला सूर कळतो.

राजधानी वियेंतियानच्या बोलीत असे सहा सूर धरतात, लुआंग प्राबांगकडे पाच. 'काय' हा उच्चार घ्या (आपल्या 'काय'शी त्याचं देणंघेणं नाही). खालून वर चढवला तर लांब, मधल्या पट्टीत सपाट ठेवला तर कोंबडी, वरून खाली घसरवला तर जवळ. लांब आणि जवळ यांत फरक फक्त सुराचा. पत्ता विचारणाऱ्या परदेशी माणसाची अवस्था सांगायला नको. सुरांच्या खुणांना नावं आहेत माय एक, माय थो, माय ती आणि माय चात्तावा. रोजचे आकडे वेगळे, खुणांची मोजणी मात्र एक, दोन, तीन, चार अशी पालीतून. 'लाम' ही लोकगीतं गाणारे चाल बांधतात तीही शब्दांच्या या सुरांना धरून. साथीला असतो बांबूच्या नळ्यांचा 'खेन'. त्याचं संगीत 2017 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं.

लेखनावरून मात्र बरंच राजकारण झालं. 1930च्या दशकात महा सिला विरावोंग या पंडितांनी पाली नीट लिहिता यावी म्हणून जादा अक्षरं सुचवली. क्रांतीनंतरच्या सरकारने उलटी वाट धरली. बोलतात तसं लिहायचं, मुकी अक्षरं नकोत. 'र'चं अक्षरसुद्धा वर्णमालेतून काढलं. पुढे परकी नावं लिहिताना अडू लागलं तेव्हा ते परत आलं. माझं मत विचाराल तर सुधारणा योग्यच होती. 2015च्या जनगणनेत देशाची वस्ती सुमारे 65 लाख होती, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे लोक खमू, ह्मोंग अशा इतर समाजांतले. त्यांच्या मुलांवर पालीचं ओझं कशाला? किंमत मोजावी लागलीच. राजधानीचं नाव लाओत 'वियांग चान' एवढंच लिहितात. त्यातला 'चान' चंद्राचा की चंदनाचा, हे अक्षरांवरून कळत नाही. शेजारच्या थाय लेखनात मुकी अक्षरं टिकून आहेत, म्हणून तिथे चंदन स्पष्ट वाचता येतं.

आणि लाओ बोलणारे बहुसंख्य लोक राहतात तेही थायलंडमध्येच. याचं मूळ इतिहासात आहे. वियेंतियानचा राजा अनुवोंग याने सयामविरुद्ध, म्हणजे आजच्या थायलंडविरुद्ध, उठाव केला तो फसला. 1827-28 मध्ये सयामी फौजांनी वियेंतियान उजाड केलं आणि तिथली माणसं मेकाँगच्या उजव्या तीरावर नेऊन वसवली. 1893 साली फ्रेंचांनी डावा तीर घेतला आणि नदी ही सरहद्द ठरली. उजवीकडच्या इसान प्रांतात आज दोन कोटींच्या आसपास लोक लाओच्याच बोली बोलतात, पण तिथे त्या बोलींना नाव इसान, आणि शाळा थायमधून. घरातली लाओ लिहायची वेळ आली तर ते थाय अक्षरांत लिहितात. डाव्या तीरावर वियेंतियानकरांच्या घरी टीव्हीवर थाय मालिका चालू असतात आणि त्या त्यांना सहज कळतात. बँकॉकच्या माणसाला लाओ तितकी कळत नाही.