पुन्हा हाफ पेडल

आत्याचा गुडघा बदलून पाच आठवडे झाले होते. फिजिओथेरपिस्टच्या खोलीतल्या, जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर ती बसली होती आणि पेडल काही पूर्ण फिरत नव्हतं. वरच्या टोकाच्या जरा अलीकडे अडायचं, मग ती ते उलटं मागे न्यायची. पुढे, मागे. पुढे, मागे. जरा वेळ बघितलं आणि मला हसूच फुटलं. "आत्या, हे तर हाफ पेडल!"

तीही हसली. आठ वर्षांची असताना वडिलांच्या चोवीस इंची सायकलच्या दांड्याखालून पाय घालून ती हेच करायची. तेव्हा पाय पुरत नव्हता, आता गुडघा वाकत नव्हता.

अडतं ते नेमकं कुठे? सपाट रस्त्यावर चालताना गुडघा फार तर 60-65 अंशांत वाकतो. पेडलची एक पूर्ण फेरी मारायला मात्र साधारण 105 ते 110 अंश लागतात, आणि तेही क्षणभरच, पेडल वरच्या टोकावरून जाताना. बाकी सगळी फेरी सोपी असते. तेवढा उंबरठा ओलांडायला शरीर लबाडी करतं. कंबर एका बाजूनं हळूच वर उचलली जाते, आणि "कंबर खाली, काकू!" अशी फिजिओथेरपिस्टची हाक येते. त्यापेक्षा सीट उंच करणं बरं. पुष्कळांची पहिली पूर्ण फेरी उलटी लागते, मागच्या दिशेनं. आत्याचीही तशीच लागली.

पेडलचा दांडा आखूड करण्याची युक्ती मला फार आवडली. नेहमीचा दांडा 17 सेंटीमीटरचा धरा, त्याजागी 15 चा बसवला. पेडलचं वरचं टोक 2 सेंटीमीटर खाली आलं. पण खालचं टोकही तेवढंच वर आलं, म्हणून सीट आणखी 2 सेंटीमीटर चढवता येते. दोन कापले, चार मिळाले! असा हिशेब वाण्याकडेही जमत नाही.

आता भाराचं बोलू. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटानं काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारी यंत्रणा घातली. आत बॅटरी नाही. गुडघ्याभोवती तारेचं वेटोळं धरलं की चुंबकीय क्षेत्रातून आतल्या यंत्रणेला वीज मिळते, आणि आकडे रेडिओलहरींवर बाहेर येतात. म्हणजे माणूस जिना उतरतोय आणि त्याचा गुडघा आतून सांगतोय, आत्ता माझ्यावर इतकं ओझं आहे! सपाटीवर चालताना ते शरीराच्या वजनाच्या सुमारे 2.6 पट निघालं, जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट. वजनाहून जास्त कसं? कारण तोल सावरायला स्नायू हाडांना एकमेकांवर आवळून धरतात, त्यांची ओढही सांध्यालाच सोसावी लागते. आणि जागेवरची सायकल बेताच्या जोरानं चालवताना? सुमारे 1.2 पट. आत्याचं वजन 60 किलो. जिन्यावर तिच्या गुडघ्यावर 200 किलोंच्या वर, सायकलवर 70 च्या आसपास. धड तर सीटनं पेललेलं असतं. त्याच मोजमापांत दिसलं की जोर वाढवला की भार वाढतो आणि पाय भरभर फिरवले की घटतो. म्हणून दातओठ खाऊन जड गिअर रेटायचा नाही. हलका लावायचा आणि पाय फिरते ठेवायचे.

हा भार झेलतो तो धातूच्या दोन भागांमधला, बोटाच्या पेराएवढाही जाड नसलेला प्लॅस्टिकचा तुकडा. त्याची कथा इंग्लंडमधल्या लँकेशरच्या कापडगिरण्यांतून येते. खुब्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. ते झिजलं, आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली. मग एक विक्रेता गिरणीतल्या मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरायचं पॉलिएथिलिन घेऊन आला. चार्नलींनी त्यात नख रुतवून पाहिलं आणि नाक मुरडलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यानं मात्र साहेबांना न जुमानता तो तुकडा घासणयंत्रावर चढवला. दिवसामागून दिवस गेले, तुकडा झिजेचना. नोव्हेंबर 1962 मध्ये तो माणसाच्या खुब्यात गेला. त्याच्याच सुधारलेल्या भाऊबंदांवर आज आत्या उभी आहे.

नव्या गुडघ्याच्या धातू-प्लॅस्टिकला स्पर्श कळत नाही, आतला एखादा अस्थिबंधही बहुधा काढलेला असतो. तरी सायकलवर तोल राहतो, कारण पाय कुठे आहे ही खबर आजूबाजूचे स्नायू आणि स्नायुबंध मेंदूला देतच असतात. खरी भीती पडण्याची. रस्त्यावर केव्हा यायचं ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं, आणि टांग मारून चढणं तर विसरायचंच. आत्यानं बिनदांड्याची लेडीज सायकल काढली, सीट चढवून घेतली आणि चौथ्या महिन्यात गल्लीत एक चक्कर मारली.

नव्या गुडघ्यात धातू प्लॅस्टिकवर टेकताना कधी कधी "कट्" वाजतं, आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. कोपऱ्यावर तिनं पेडल थांबवलं तेव्हा फ्रीव्हील टिकटिकत होतं. मी विचारलं, "हा चाकाचा आवाज की तुझा?"

"दोघांचा," म्हणाली. "बाजूला हो, ब्रेक जरा सैल आहे."